बोजा

सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. शेतकऱ्याचं बरंचसं दुखणं त्या रकान्यात सापडतं. सोसायटीचं पीककर्ज, विहिरीसाठी काढलेलं तारण, बहिणीचा राहिलेला हिस्सा, सगळं तिथं. त्याला आपण बोजा म्हणतो. जमीन विकली तरी बोजा मालकाबरोबर जात नाही, जमिनीबरोबर राहतो. म्हणून शहाणा माणूस रान बघायच्या आधी उतारा बघतो. काळी माती, विहिरीला पाणी, बांधावर आंब्याची झाडं, हे सगळं नंतर.

बाप कर्ज करून मेला तर पोरानं फेडायचं का, यावर आमच्या पारावर कितीदा तरी वाद झालेला मी ऐकला आहे. जुन्या हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्यच होतं. बापानं चुलीत घातलं की उधळलं, हा प्रश्न सहसा कुणी विचारायचा नाही. २००५ साली वारसा कायदा दुरुस्त झाला आणि त्यापुढच्या कर्जांपुरतं ते कर्तव्य संपलं. आता वारसाच्या वाट्याला जेवढं आलं, तेवढ्यापुरतंच देणं. काहीच आलं नसेल तर सावकारानं दारात बसून उपयोग नाही. पारावरची म्हातारी माणसं हे कायद्याच्या आधीपासून सांगत होती: ज्यानं खाल्लं त्यानं फेडावं.

हे पैशाचं झालं. पण काही बोजे असे असतात की ते कुठल्या तलाठ्याच्या दप्तरात चढत नाहीत आणि तरी पिढ्यान् पिढ्या चालत राहतात. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो एका सहलीच्या दिवशी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

१९७४ ची दिवाळीची सुट्टी. बहात्तरचा दुष्काळ सरून पीकपाणी जरा ताळ्यावर आलं होतं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ज्वारीच्या पैशातून काही बाजूला काढले आणि जाहीर केलं, की पोरांना हैदराबाद दाखवायचं. खरं तर त्यांना स्वतःलाच बघायचं होतं. आमचा उदगीर तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात होता. आण्णांची शाळा उर्दूतली. 'हमारी रियासत का पाया-ए-तख़्त' म्हणून ज्या शहरावर त्यांनी परीक्षेत उत्तरं लिहिली, ते शहर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि पाहायच्या आधीच ते आपलं राहिलं नव्हतं. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्यानं आखली गेली, हैदराबाद आंध्राकडे गेलं, बीदर म्हैसूरकडे, आणि उदगीर उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून मुंबई राज्यात. एका घरातली भांडी तीन भावांत वाटावीत तसं.

आज्जी यायला तयार नव्हती. "त्या रजाकाराच्या गावात मी पाय ठिवनार न्हाई," असं तिनं दोन दिवस लावून धरलं. तिसऱ्या दिवशी आपलं गाठोडं स्वतःच बांधलं. पोरांना घेऊन एकटे जाताय, तिथं काय कमी-जास्त झालं तर कोण आहे, म्हणून आले, असं ती आईला म्हणाली. बाकीचे आम्ही सहलीला निघालो होतो. आज्जी राखणीला निघाली होती.

तिच्याकडे कारण होतं. १९४८ च्या श्रावणात रझाकारांची टोळी आमच्या गावात आली होती. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा, म्हणजे आमच्याच भागातला, त्यामुळे ती माणसं कुणी परदेशी नव्हती. बळदातली ज्वारी उपसून नेली, कडब्याची गंज पेटवली, आणि आजोबा आडवे गेले म्हणून त्यांना काठ्यांनी मारलं. त्यांचा उजवा पाय पुढं मरेपर्यंत सरळ झाला नाही. १९६१ ला ते गेले. तेरा वर्षं आज्जीनं तो पाय रोज रात्री तेल लावून चोळला. रझाकार हा शब्द तिला इतिहासाच्या पुस्तकातून कळला नव्हता, हाताच्या तळव्यातून कळला होता.

रात्रभर गाडीत बसून सकाळी नामपल्लीला उतरलो. पत्र्याची पेटी, वळकटी, धपाट्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं फडकं, पाण्याचा तांब्या. स्टेशनाबाहेर सायकल रिक्षांची ही गर्दी. दुकानांच्या पाट्या तीन लिप्यांत, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी. आमच्या घरात आण्णांचं उर्दू म्हणजे एक अडगळ होती. गावात वाचायला काही नव्हतं, लिहायला कुणी नव्हतं. आणि तो माणूस इथं उभा राहून उजवीकडून डावीकडे पाट्या वाचत सुटला. "हे बघ, दवाखाना. ही घड्याळाची दुकान. हे लिहिलंय, उधार मांगकर शर्मिंदा न करें." बाप असा पोरासारखा खूश झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. आज्जी मात्र पेटीवर हात ठेवून माणसं बघत होती. दाढ्या, टोप्या, बुरखे. तिच्या डोळ्यांपुढं कुठलं साल होतं ते वेगळं सांगायला नको.

कोटीजवळ सुलतान बाजारात आण्णांच्या ओळखीच्या एका मराठी घराची माडीवरची खोली आठ दिवसांसाठी मिळाली होती. त्या भागात मराठी बिऱ्हाडं बरीच. माणसं पाच, रिक्षा दोन. पुढच्या रिक्षात आण्णा, आई आणि धाकटी बहीण. मागच्या रिक्षात मी, आज्जी आणि पेटी. आमचा रिक्षावाला पन्नाशीच्या पुढचा, दाढी पांढरी, पायाच्या नळ्या दोरखंडासारख्या पिळलेल्या. ठरलेलं भाडं दीड रुपया.

मोअज्जमजाही मार्केटच्या त्या दगडी इमारतीपाशी, मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे मी तोंड वासून बघत होतो, तेवढ्यात पुढची रिक्षा गर्दीत दिसेनाशी झाली. आज्जीनं माझं मनगट धरलं. अजून आठवतं, तिची नखं रुतली होती.

"कुणीकडं न्यायलाय ह्यो आपल्याला? आण्णाची रिक्षा कुठं गेली?"

मला काय माहीत. मग ती मोठ्यानं, याला कुठं कळतंय अशा हिशेबानं बोलायला लागली. ह्यांचा भरवसा नाही. पेटीवर डोळा असेल. आणि शेवटी, "रजाकाराची अवलाद ती, दुसरं काय करनार."

रिक्षावाला पायडल मारत राहिला. पुढं थोडा चढ आला. तो खाली उतरला, एक हात हँडलवर, एक हात सीटवर, आणि रिक्षा ओढू लागला. आमच्याकडे न बघता, दम खात म्हणाला, "मावशी, कोटीलाच न्यायलाव. तुमचा ल्योक म्होरं हाय. घाबरू नगा."

आमचीच बोली. एक अक्षर इकडं-तिकडं नाही.

आज्जीच्या तोंडातून काही वेळ शब्द निघाला नाही. मग खाली बघत तिनं विचारलं, "कोन्या गावचा रं बाबा तू?"

"भालकीकडला."

भालकी म्हणजे जुन्या बीदर जिल्ह्यातलीच, आमच्यापासून पलीकडं. एकाच जिल्ह्यातली माणसं.

"हितं कवा आलास?"

"पोलीस अ‍ॅक्शनमंदी."

"घरची?"

चढ संपला होता. तो परत सीटवर बसला. "निघालो तवा पाच होताव. पोचलो ते दोघं."

यापुढं आज्जीनं फक्त एक प्रश्न विचारला: "घर कुनाकडं हाय आता?" आणि त्यानं सांगितलं, "असंल कुनाकडं. न्हाईतर पडलं असंल."

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतं. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. त्या राज्यातनं सुटलो ही गोष्ट खरी आहे, तिच्यासाठी माणसं लढली आणि मेली. पण त्या तारखेनंतरच्या आठवड्यांत काय झालं ते पाठ्यपुस्तकात नसतं. सरकारनं त्याच हिवाळ्यात पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. ती फिरली आणि उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर काय गुदरलं ते तिनं लिहून दिलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. गावातल्या लोकांना मात्र अहवालाची गरजच नव्हती. त्यांनी पाहिलं होतं, काहींनी केलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्यावर न बोलण्याचं ठरवलं होतं. असं ठरवायला गावाला बैठक लागत नाही.

आता इथं माणूस हिशेबाला बसतो. आजोबांचा पाय एका बाजूला, रिक्षावाल्याचे तिघं दुसऱ्या बाजूला, आणि बेरीज-वजाबाकी करून म्हणतो, फिटलं. मला हा हिशेब कधीच पटला नाही. ज्यांनी आजोबांना मारलं त्यांच्यातला कुणी भालकीच्या वाटेवर मेला असं कुठं आहे? आणि ती तीन माणसं कुणाचा पाय मोडून आली होती? दोन वेगवेगळ्या माणसांची खाती एकत्र लिहून त्यांची बाकी काढणं याला आमच्याकडं लबाडी म्हणतात. बाजारात कुणी केली तर आपण चावडीवर जाऊ.

आज्जीच्या तोंडातला 'अवलाद' हा शब्द म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. तो वारसाहक्काचा शब्द आहे. तू केलंस असं ती म्हणत नव्हती. तुझ्या नावावर चढलेलं आहे, असं म्हणत होती. मग पारावरचाच कायदा लावून बघू. वारसाला देणं किती? मिळालं तेवढं. रझाकारांच्या राज्यातून या माणसाच्या वाट्याला काय आलं? तीन मयती, दीड रुपयाची सवारी आणि पिळलेल्या नळ्या. त्याच्या उताऱ्यावर बोजा चढवायला उताराच नाही.

काही लोक म्हणतात, झालं गेलं विसरा. हे सांगणं मला फार हलकं वाटतं. जिनं तेरा वर्षं पाय चोळला तिला विसर म्हणणारे आपण कोण? नामपल्लीला उतरताना ती भ्याली होती, आणि भीतीला पुरावा लागत नाही. एकदा साप चावलेला माणूस दोरीलाही दचकतो, त्याचा कुणी न्याय करू नये. पण दचकणं वेगळं आणि दोरीला साप ठरवून काठी घालणं वेगळं. भीती ज्याची त्याची असते, आरोपाला मात्र नाव लागतं, गाव लागतं, तारीख लागते. आज्जीच्या तोंडून दोन्ही एकदमच निघत होतं, आणि त्या चढावर ते वेगळं झालं. आजकाल 'विसरू नका' म्हणून जे सगळ्यात मोठ्यानं ओरडतात, त्यांच्यातल्या पुष्कळांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. त्यांना दचकायचं काही कारण नाही. त्यांच्याकडं फक्त आरोप आहे.

कोटीला आण्णा रिक्षाबाहेर उभे राहून वाटच बघत होते. त्यांनी दीड रुपया दिला. आज्जीनं कमरेची चंची सोडली, तिच्यातून चार आणे काढले आणि रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले. त्यानं घेतले, कपाळाला लावले आणि नवीन गिऱ्हाईक बघायला वळला. चार आण्यांनी काय फिटतं? काही नाही. आज्जीलाही ते ठाऊक असणार, कारण ती माडीवर गेली तरी कुणाशी बोलेना.

दुपारचं फार सांगत नाही. अंघोळी आटपून आम्ही बाराच्या आत सालारजंग म्युझियममध्ये पोचलो. तिथल्या घड्याळापुढं माणसं देवळातल्यासारखी गोळा होतात. ठोक्यांच्या आधी दार उघडून एक इवला माणूस बाहेर येतो, घंटा वाजवतो आणि परत आत जातो. बहीण ते बघून इतकी हरखली, की एकचे ठोके होईपर्यंत जागची हलेना. आण्णा मुसी नदीवरच्या पुलावर उभं राहून १९०८ च्या महापुराची माहिती सांगत होते. शाळेत पाठ केलेलं, अजून जसंच्या तसं.

संध्याकाळी चारमिनार. १५९१ सालचं ते बांधकाम, चार कमानी, आणि शेजारून निघालेला लाडबाजार. दोन्ही बाजूंनी बांगड्यांची दुकानं, लाखेच्या, काचेच्या, खड्यांच्या. दिवे लागले होते आणि सगळा रस्ता लखलखत होता. आईला बांगड्या भरायच्या होत्या. एका दुकानातल्या म्हाताऱ्या बाईनं आईचा हात हातात घेतला, दाबून मऊ केला, अंगठा आत दुमडला आणि एक-एक बांगडी चढवू लागली.

आज्जी विधवा, तिला बांगड्यांचं काम नव्हतं. पण ती खाली बसली आणि त्या बाईचे हात बघत राहिली. मग म्हणाली, "आमची मणेरीन अशीच भरायची. कधी काच टोचली न्हाई."

मी मणेरीण हे नाव पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या गावात मणेराचं घर होतं, आमच्या घराला लागून, एक भिंत सामाईक. आज्जीच्या लग्नातला चुडा त्या मणेरणीनं भरलेला. आण्णांच्या वेळी डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात एका रात्री ते घर रिकामं झालं. माणसं पळाली की आणखी काही झालं, हे आज्जीनं त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही नाही. एवढंच म्हणाली, की त्यानंतर बांगड्या भरायला गावातल्या बायांना उदगीरच्या बाजारला जावं लागायचं. आणि तिनं त्या दुकानदारणीला विचारलं, "तुमी कुठल्या?" ती हैदराबादचीच होती, तिला मराठी समजलं नाही. आण्णांनी उर्दूत विचारून दिलं. तिनं मान हलवली आणि हसली.

उरलेले सात दिवस आज्जी गोवळकोंडा, प्राणिबाग, कुठंही गेलो तरी वयस्कर मुसलमान माणूस दिसला की आण्णांना म्हणायची, "इचार त्येला, कुठला हाय." आण्णा वैतागायचे. आल्या दिवशी ज्या माणसांपासून ती आम्हाला राखायला आली होती, त्यांच्यात ती आता काहीतरी धुंडत होती. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही. रात्री कडी ती स्वतःच लावायची, दोनदा ओढून बघायची.

माझी अडचण पुढंच आहे. ज्या न्यायानं भालकीचा म्हातारा सुटला, त्याच न्यायानं आम्हीही सुटतो की काय? मणेराच्या घराचं जे झालं तेव्हा मी जन्मलो नव्हतो. आण्णा अठरा वर्षांचे होते आणि ते उदगीरला होते. मी काही केलं नाही, माझ्या बापानं केलं नाही, मग मला का विचारता? हे वाक्य म्हणायला किती सोपं आहे बघा. रिक्षावाल्याच्या तोंडी ते न्यायाचं वाटतं आणि माझ्या तोंडी आल्यावर त्याला वास येतो. बराच काळ मला वाटायचं, की हा माझ्या मनाचा हळवेपणा असेल. आता तसं वाटत नाही. वाक्य एकच आहे, उतारे वेगळे आहेत. त्याच्याकडं त्या सालातून काही आलेलं नाही. आमच्याकडं आलेलं आहे.

मणेराच्या घराचं माळवद दोन-तीन पावसाळ्यांत बसलं. मग आमच्या भावकीतल्या एकानं त्या जागेवर कडबा रचायला सुरुवात केली. पुढं कूड घातला, बैलं बांधली, नंतर पत्रे टाकले. हैदराबादहून परत आल्यावर आज्जीनं त्याला आमच्या ओसरीवर बोलावून सांगितलं होतं, की ती जागा मोकळी कर. तो हसला. म्हणाला, "काकू, मानूस यायचंय का आता तिथं? पडीक ठिवून काय, बाभळी उगवायच्या?" म्हणण्यात तथ्यही होतं. आज्जीनं आमच्या गड्याला मात्र ताकीद दिली, की आपलं एकही जनावर त्या भिंतीपलीकडं जाता कामा नये. ती असेपर्यंत गेलं नाही.

गेल्या वर्षी मी घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेलो होतो. शिपाई पावती फाडेपर्यंत नमुना आठचं जुनं रजिस्टर समोर पडलं होतं, ते चाळत बसलो. आमच्या घराच्या खालच्याच ओळीत ती जागा आहे. 'मालकाचे नाव' या रकान्यात अजून मणेराचं नाव, शाई फिकी झालेली, पण वाचता येतं. 'भोगवटा करणाऱ्याचे नाव' या रकान्यात आमचं आडनाव आहे.